विहिरीतला हात आणि कापसाचा तंतू

मंडळी, पाण्यात कॅमेरा नेत असाल तर माझा आजचा घोळ वाचून ठेवा.

शिरपूरजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर बांधली, तेव्हा आईने ओल्या सिमेंटवर हात उमटवला होता. तो कायम पाण्याखाली असतो. आई गेल्यावर नाना, म्हणजे माझे वडील, बुडी मारून तो पाहून यायचे. आता त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आज व्हिडिओ काढायला मी उतरणार होतो.

कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ डबीची रबरी रिंग मी कापसाने पुसली. कापूस पिकवणाऱ्या घरात हाताला दुसरं काय लागणार. नशीब, आधी कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर आणि दगड घालून डबी दोरीने पाण्यात सोडली. वर काढली तर पेपर ओला. रिंगवर केसाहून बारीक कापसाचा तंतू चिकटला होता.

तो काढला, रिंगवर ग्रीसचं बोट फिरवलं, डबी पुन्हा सोडली. या वेळी पेपर कोरडा राहिला.

मग मी कॅमेरा घेऊन बुडी मारली. खाली हिरवा उजेड होता. वरचं ऊन हलत हलत माझ्यासोबत उतरत होतं. आपल्याच विहिरीत इतकी शांतता असते, हे मला माहीत नव्हतं. शेवाळाखाली आईची पाचही बोटं दिसत होती.

वर आल्यावर व्हिडिओ फोनवर घेतला आणि काठावर बसून नानांनी तो पाहिला.

"बठ्ठं तठेच शे," सगळं तिथंच आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी फोनवर दिसणाऱ्या आईच्या हातावर आपला तळहात ठेवला. व्हिडिओ थांबला.

मी तो पुन्हा सुरू केला नाही.