बुफेच्या रांगेत बाबा

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, हार्डवेअरच्या दुकानाला लागून, बुफेचं हॉटेल निघालं. अकोल्यात अशी हॉटेलं आता बरीच आहेत. आमच्या वस्तीत मात्र हे पहिलंच. बाहेर फुगे, आत एसी, हवं तितकं खा. पहिल्याच रविवारी बाबा म्हणाले, "तिथं जाऊ."

माय पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. बाबांनी चारचौघांत जेवणं केव्हाच सोडलं होतं.

बाबांना कंपवात आहे. आधी उजव्या हाताची बोटं हलायची, मग पूर्ण हात, आता डावाही त्याच वाटेला लागलाय. तेल्हाऱ्याकडे आमचं शेत आहे. तिथं होते तेव्हा बाबा या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून पार त्या टोकाच्या माणसाशी बोलायचे, तेही साध्या आवाजात. कपाशी वेचायला आलेल्या बायांशी, बैलाशी, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाशी, सगळ्यांशी बोलणारा माणूस. हात हलायला लागला आणि त्यांनी आधी टपरीवरचा चहा बंद केला, मग पंगती. शेवटच्या पंगतीत वाढणारा त्यांच्यासमोर वाकून म्हणाला होता, "काका, भरवून देऊ का?" बाबा तसेच उठले आणि हात धुऊन बाहेर निघून गेले.

शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन ते दोघं माझ्याकडे राहायला आले. मी इथल्या एका शाळेत शिकवते. घरात आम्ही तिघंच. माय बाबांना चमच्यानं भरवायची आणि तेवढ्यात दारावर कुणी आलं की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. बाबा खाली मान घालून खायचे. त्या बंद दाराबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही.

"बुफेच काहून पण?" मायनं विचारलं.

"तिथं वाढनारा नसते," बाबा म्हणाले. "आपलं आपुन घ्या, आपलं आपुन खा. वाढनारा नाही, तं कीव करनाराबी नाही."

मायनं लाटलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या. बाबांनी पांढरा सदरा घातला. मी म्हटलं, गडद रंगाचा घाला, डाग दिसणार नाहीत. ते म्हणाले, "दिसू दे."

दुपारची वेळ होती आणि हॉटेल गच्च भरलेलं. एका बाजूला लांबच लांब टेबल, त्यावर झाकणाची मोठी भांडी, खाली निळ्या ज्योती. पनीर, दाल तडका, जिरा राईस, कसलंसं मांचुरियन. टोकाला 'वऱ्हाडी कॉर्नर' अशी पाटी आणि तिथं पाटोडीची भाजी, वांग्याचं भरीत, ठेचा, ज्वारीची भाकर. आपल्याच घरातलं जेवण असं पाटी लावून ठेवलेलं बघून मायला हसू आलं. पण गर्दी दिसली तशी ती खुर्चीत आकसून बसली. मला हळूच म्हणाली, "तू त्यायच्या संगं जाय. ताट तू धर."

मी ताट धरायला हात पुढे केला. बाबांनी तो बाजूला सारला.

ते रांगेत उभे राहिले, मी त्यांच्या मागे. भाकर त्यांनी नीट घेतली. भरीतही जमलं. पाटोडीच्या रश्श्यापाशी आल्यावर मात्र डाव भांड्याच्या काठावर खडखड वाजायला लागला. अर्धा रस्सा ताटात, अर्धा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर. बाबांनी डाव परत बुडवला. परत तेच. मागची रांग थांबली. माझ्या पाठीमागच्या बाई उगाच घसा साफ करायला लागल्या. त्यांच्या मागचा इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ म्हणाला, "अहो, कुणाला तरी वाढायला सांगा ना. सगळं सांडतंय. आम्ही त्यातूनच खायचं का?"

बाबांनी मान वळवली. "हात माहा हालते, भाऊ. सोच्छ धुतला हाय. अन् डाव भांड्यात बुडवून राह्यलो, हात नाही."

तेवढ्यात मॅनेजर आला. तरणा, टाय लावलेला, बोलायला गोड. तो माझ्याकडे बघून बोलायला लागला. "मॅडम, यांना तिकडं पार्टिशनच्या मागं बसवू या ना. शांत आहे. यांना काय लागेल ते मी पाठवून देतो. यांनाही बरं पडेल."

यांना, यांना. जसं काही बाबा तिथं नव्हतेच. मला राग आला आणि त्याच वेळी असंही वाटलं की पार्टिशनच्या मागं गेलेलं बरं, सुटू एकदाचे. दोन्ही एकदमच वाटलं.

"माह्याशी बोल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आजारानं बारीक झाला होता, पण त्या क्षणी तो कुठून तरी धुऱ्यावरचा आवाज वर आला. पार टोकाच्या टेबलावरच्या लोकांनीही वळून पाहिलं. "जेवाले मी आलो. बोलाचं तं मले बोल. पार्टिशनच्या मांगं कायले बसू? मी काय चोरी करून राह्यलो?"

"काका, तसं नाही. बाकीच्या लोकांना..."

"लोकायले काय?"

मॅनेजर टाय सारखा करत रांगेकडे बघायला लागला. तेव्हा मला मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माय उठली होती. आयुष्यभर "चाला घरी, लोक पाहून राह्यले" म्हणणारी माझी माय. ती पदर खोचत आली, रिकामं ताट उचललं आणि माझ्या आणि त्या बाईंच्या मधे येऊन उभी राहिली. तिनं बाबांचा हात धरला नाही, डावही घेतला नाही. रांगेकडे तोंड करून म्हणाली, "ज्याले घाई असन त्यानं तिकडच्या बाजूनं घ्या. टेबलाले दोन बाजू हायेत. आमी या बाजूनं जाऊ, अन् आमाले लागन तितका येळ लावू."

त्या घसा साफ करणाऱ्या बाई आधी हलल्या. पलीकडून वळसा घालून गेल्या. इस्त्रीवाला गृहस्थ काहीतरी पुटपुटत त्यांच्या मागं गेला. मॅनेजर अजून उभाच होता. माय त्याला म्हणाली, "तू काहून उभा? एक फडकं आन. सांडलं तं पुसता येते."

त्यानं फडकं आणलं. सांडलेलं मायनंच पुसलं. बाबांनी तिसऱ्यांदा डाव बुडवला आणि ताटात पाटोडी पडली.

आम्ही पार मधल्या टेबलावर बसलो. बाबांनी चमचा बाजूला ठेवला आणि भाकर मोडून हातानं खायला लागले. अर्धे घास ताटात परत पडायचे. हनुवटीवर रस्सा, सदऱ्यावर रस्सा, टेबलावर भाकरीचे तुकडे. एक लहान मुलगी वळून वळून बघत होती. तिची आई तिचं तोंड फिरवत होती. बाबांनी त्या मुलीला डोळा मारला. मग मला म्हणाले, "पाटोडी गोड केली बाप्पा यायनं. साखर टाकली वाटते. पाटोडीत कोनी साखर टाकते काय?" आणि उठून परत घ्यायला गेले.

त्या दिवशी माय बाबांकडे बघत न बसता स्वतः गरम गरम जेवली. कितीतरी वर्षांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं.

मग दर रविवारी आम्ही तिथं जायला लागलो. एकदा हॉटेलात आमच्या गावाकडचं कुणीतरी होतं म्हणे. दोन-चार दिवसांतच अमरावतीहून काकांचा फोन आला. काका बाबांचे धाकटे भाऊ. वकिली करतात, कपडे आणि शब्द दोन्ही जपून वापरतात. मला म्हणाले, "दादाची शोभा करून राहिली काय तू? सगळ्या गावानं ज्याला मान दिला, त्याला असं लोकांपुढं बसवते? घरात काय कमी आहे?"

मी म्हटलं, "घरात काहीच कमी नाही, काका. बाबांना तिथं जेवायचं असतं."

"त्याला काय कळते आता?"

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते. ते फोनकडे वाकून म्हणाले, "सगळं कळते. रविवारी येय."

काका आले, पण समजूत घालायला. तासभर बोलले. तब्येत, घराण्याचं नाव, लोक काय म्हणतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल पायात घालायला लागले. "चाल, जेवाले जाऊ."

हॉटेलात काका भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे ओळखीचं कुणी आलं तर दिसायला नको. बाबा त्यांच्या शेजारी. मॅनेजर आता आम्हाला ओळखत होता; फार प्रेमानं नाही, पण पार्टिशनचं नाव त्यानं परत काढलं नाही. रांगेत बाबांनी नेहमीसारखा वेळ लावला. काका ताट घेऊन त्यांच्या मागं ताठ उभे होते, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

जेवताना बाबांच्या हाताला जोराचा झटका बसला आणि वाटीतला रस्सा सरळ काकांच्या शर्टावर. पांढराशुभ्र शर्ट, खिशापासून खालपर्यंत तांबडा. मायनं कागदी रुमाल पुढे सरकवले. काकांनी शर्टाकडे पाहिलं, मग भोवती पाहिलं. दोन-तीन टेबलांवरचे लोक बघत होते. बाबाही काकांकडेच बघत होते. माफी मागायचा त्यांचा काही इरादा दिसत नव्हता.

काकांनी कागदी रुमालानं शर्ट पुसला. डाग आणखी पसरला. त्यांनी तो रुमाल चुरगाळून टेबलावर टाकला आणि म्हणाले, "साखर आहे रे दादा यात."

"मी सांगतलं होतं ना!" बाबा म्हणाले. "ऐकतच नाही हे लोक."

मग दोघा भावांचं पाटोडीवरून जे सुरू झालं ते थांबेचना. बेसन किती जाड हवं, मसाला कसा भाजायचा. बोलता बोलता काकांनी खुर्ची बाबांकडे वळवून घेतली, कारण भिंतीकडे तोंड करून त्यांना बाबांचा बारीक झालेला आवाज नीट ऐकू येत नव्हता.

आता बाबांच्यानं डाव उचलवत नाही. पण टेबलावर बसून ते काही मागवत नाहीत. माय नाहीतर मी ताट धरते, ते रांगेतून आमच्याबरोबर हळूहळू चालतात आणि बोट दाखवतात: हे, हे, ते नको. मागं लोक थांबतात. थांबू देत. स्वयंपाकघराचं दार मायनं लोटून घेणं बंद केलंय. परवा शेजारचे आले तेव्हा ती बाबांना वरण-भात भरवत होती. तिनं पाहुण्यांना समोरची खुर्ची दाखवली आणि पुढचा घास उचलला.