नाशिकचं अत्तर आणि आईचा हात

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पायाला भिंगरी आहे. त्यामुळे नाशिकच्या मावशीचा फोन आला, "माझ्या स्वातीच्या लग्नाचं अत्तर तू बघ, इथे कुणाला वेळ नाही," तेव्हा मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. तुळशीची लग्नं झालेली, थंडी पडलेली, आणि ठाण्याच्या घरात मी नुसती येरझारा घालत होते.

खरं कारण मात्र आई होती. लग्नाच्या दारात मुली अत्तरदाणी घेऊन उभ्या असतात ना, मनगटावर काडी फिरवायला? बाबा गेल्यापासून तिथं पोचलं की आई हात पदराखाली घेते. लहानपणापासून आई म्हणजे मोगऱ्याचा वास हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला तो वास परत हवा होता. या लग्नात, सगळ्यांच्या देखत, आईच्या हाताला मोगरा लावायचाच असं मी ठरवलं. आईला अर्थातच विचारलं नाही.

ठाण्याहून सकाळची एसटी धरा, खिडकी डावीकडची घ्या आणि कसारा घाटात झोपू नका. आई झोपली. मी तीनदा जागा बदलली, कंडक्टरचे वटारलेले डोळे पाहिले, घोटीला उतरून गरम भजी घेतली नि जीभ पोळून घेतली. दुपारी नाशिकरोडला उतरलो, तिथून रिक्षाने एकलहऱ्याला. मावशीचे यजमान वीजकेंद्रात होते, अजून त्या वसाहतीतच राहतात. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या मावशी झटकूनच आत आणते, राखेमुळे. घरात पाहुण्यांनी पाय ठेवायला जागा नव्हती. मला कधी एकदा दुसरा दिवस उजाडतो असं झालं होतं.

शनिवारी आम्ही दोघी जुन्या नाशकात गेलो. भद्रकालीच्या बाजूला गल्लीत एक अत्तरवाले चाचा आहेत, दुकान जेमतेम चार माणसांचं. रिक्षावाल्याशी आधी ठरवून घ्या, नाहीतर तो अख्खं शहर दाखवून आणतो.

चाचांनी कापसाचा बोळा पुढे केला. मी हुंगलं आणि म्हटलं, "झालं, हाच मोगरा द्या."

"थांबा की ताई! बोळ्यावर सगळंच गोड. हातावर बघा." त्यांनी माझ्या डाव्या मनगटाला मोगरा लावला, उजव्याला हिना. मी सवयीने दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायला गेले तर चाचा ओरडले, "अहो, घासू नका! दोन्हीची वाट लागंल. फिरून या जरा. थंडीत अत्तर सावकाश उघडतं." मग आईकडे वळून म्हणाले, "अम्मा, तुमचा हात?"

आईचा हात पदराखाली गेला.

"अगं, इथे कोण बघतंय?" मी म्हटलं.

"मला नको म्हटलं ना," आई म्हणाली आणि पायरी उतरून सरळ चालायला लागली.

मग काय, इथंच तर घोडं पेंड खातं. आम्ही गोदावरीचा पूल ओलांडून पंचवटीत गेलो. भाजीबाजारात मेथीच्या जुड्यांतून वाट काढत मी पुढे, आई मागे. मिसळ खाल्ली, काळ्या मसाल्याची, पापडासकट, तर्री वेगळी मागून. तोंड भाजलं तरी मी दर दोन घासांनी मनगट हुंगत होते. मोगरा पहिल्यांदा नुसता अंगावर आला होता, आता मऊ झाला होता, थोडा पिकलेल्या केळ्याकडे झुकलेला. हिना मात्र माझ्या कातडीला अजिबात मानवला नाही. आधी काढ्यासारखा होता, मग कडवट, मग खोकल्याचं औषध.

"बघू," आई म्हणाली आणि माझा उजवा हात ओढून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मी म्हटलं, "ते टाकाऊ आहे गं, मोगऱ्याचा बघ." तिने हात सोडला आणि पाव संपवला.

लग्नासाठी मोगराच घेतला.

रविवारी कार्यालयाच्या दारात मी स्वतःच अत्तरदाणी घेऊन उभी राहिले. आई आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, हात दे."

मावशीच्या नणंदबाई मध्ये पडल्या, "अगं, राहू दे. तिला कशाला आता?"

"का? कुणी सांगितलं तिला चालत नाही म्हणून?" माझा आवाज चढला. सनईची कॅसेट नेमकी तेव्हाच संपलेली. पन्नास माना वळल्या.

आईने मला दंडाला धरून चपलांच्या ढिगापाशी नेलं. "मोगऱ्याने माझं डोकं चढतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"काय? तू तर रोज..."

"तुझे बाबा आणायचे. इतक्या हौसेनं आणायचे की नाही म्हणवेना. मी लावायचे आणि वरून कपाळाला बाम चोळायचे. ते गेल्यावर लोकांनी आपणहून लावायचं सोडलं. आधी वाईट वाटलं. खूप वाटलं. मग एका लग्नातून डोकं न दुखता घरी आले, आणि मला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. हे कुणाला सांगू?"

मला राग आला, रडू आलं, बाबांची कीव आली. अक्षता सुरू झाल्या म्हणून आम्ही आत गेलो.

सोमवारी परतीची एसटी दुपारची होती. आई म्हणाली, "आधी भद्रकालीला जाऊ." चाचांपुढे तिने स्वतःहून हात ठेवला. "हिना लावा."

लावला. मी म्हटलं, "घे आणि चल, गाडी जाईल."

"जाऊ दे," आई बाकावर बसत म्हणाली. "तीस वर्षं दुसऱ्याने निवडलं. आज मी सावकाश बघणार आहे."

ती बसली. मी गल्लीत चकरा मारल्या, चहा प्याले, घड्याळ पाहिलं, परत आले. काढ्याचा वास तिच्या हातावरून गेला होता. खाली काहीतरी उबदार उरलं होतं, केशराच्या जवळचं, थोडं लाकडाचं. माझ्या हातावर याचं औषध झालं होतं! आईने कुपी घेतली तोवर गाडी चुकली. पुढची मिळाली, उभ्याने.

घरी येऊन आठवडा झाला. नाशिकला जाल तर अत्तर हातावर लावून अर्धा दिवस मोकळा ठेवा, एवढं सांगेन. बाकी माझं मलाच नीट उमगलेलं नाही. हिना लावून आई मागून येते आणि मला वाटतं घरात कुणी परकी बाई आलीय.

काल तिने विचारलं, "येतो का गं वास?"

"येतो."

"चांगला आहे?"

"चांगला आहे. पण तुझा वाटत नाही."

आईने काडी परत कुपीत बुडवली. "मलाही अजून वाटत नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या मनगटालाही काडी फिरवली.