दुसऱ्याच्या नावाची पाटी

माह्याच घराच्या पायरीवर बसून मी पाणी पेलं. कागदाच्या कपात.

आंगणातला नळ टपकून राहिला म्हणून घर किरायानं लावून देणाऱ्या दलालाचा फोन आला होता. ड्युटी सुटल्यावर स्कूटी तशीच स्मृती नगरले वळवली. पाना अन् वॉशर घेऊनच गेली, कारण प्लंबरले बोलावलं की तो उद्या म्हणते. नळ नीट केला. हात चिखलानं भरले, तहान लागली. किरायेदारीण तरणी बाई, बोलायले गोड. जाळीच्या दारामागून म्हणाली, "वहीं बैठो बाई, मैं पानी लाती हूँ." आत मांडणीवर स्टीलचे गिलास मले बाहेरून दिसत होते. तिनं कागदी कप आणला, पायरीवर ठेवला अन् मागं सरकली. मंग मी उचलला.

"मालिक को बोल देना, हमको मकान बहुत पसंद है," ती म्हणाली. "अपने ही लोगों का है, इसीलिए लिया. नहीं तो बैंक की नीलामी का मकान, क्या पता किसने खरीदा हो."

मी खरीदला होता. ते सांगायले तोंड उघडलं नाही. कप चुरगाळून पर्समध्ये टाकला अन् निघाली.

तिची एकटीची चूक नव्हती. गेटच्या खांबावर काळ्या ग्रेनाइटची पाटी होती, अन् तिच्यावर पहिल्या मालकाचं आडनाव. वरच्या जातीचं. तिले वाटलं, घर घेणाराच तो. सोनेरी अक्षरं, अजून चमकत होती.

आम्ही बौद्ध. बाबा भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमध्ये कामाले लागले अन् भिलाईचेच झाले. ते ड्युटीवरच वारले, त्यांच्या जागी मले नोकरी लागली. आज बी मी प्लांटच्या स्टोअरले आहे. नवरा लवकर गेला. पोरगा हैदराबादले. सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरात मी एकटी, अन् रिटायर झाली की तेही सोडा लागते. मंग चरोद्याले बाबांच्या दोन खोल्यांत राहीन, या घराच्या किरायावर भागवीन, कोणाच्या तोंडाकडे पाहा लागणार नाही, असं ठरवून मी हे घर घेतलं.

पहिल्या मालकानं कर्ज फेडलं नाही, बँकेनं घर ताब्यात घेतलं. कित्येक वर्षं बंद. फाटकावर नोटीस, आंगणात कमरेएवढं गवत, मोरीत कबुतरं. बँकेचा साहेब चाबी देताना म्हणाला, "मैडम, जैसा है, जहाँ है. बाद में शिकायत नहीं." मी म्हटलं चालते. कबुतरांची घाण मी स्वतः खरवडली. भिंती रंगवल्या. झालं तेव्हा दारात उभी राहून रडली. सोबतीले कोणी नव्हतं.

त्या दिवशी पिशवीत बुद्धाची मूर्ती नेली होती. ओट्यावर ठेवली, मेणबत्ती लावली, एकटीनंच वंदना म्हटली. तेवढ्यात फाटक वाजलं. दलाल होता. मी मूर्ती पिशवीत टाकली. मेणबत्ती विझवली, मेण गरमच होतं, हाताले चटका बसला. कोणी सांगितलं नव्हतं मले लपवायले. हात आपल्यानंच चालले.

दलालानं माह्यं पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. त्यानं पंख्याकडे पाहिलं. मंग म्हणाला, "मैडम, बुरा मत मानना. गेट की नेमप्लेट रहने दीजिए. इस लाइन में लोग पूछ के आते हैं."

मी मान हलवली. ग्रेनाइट चांगलं आहे, कशाले फोडा, असं स्वतःलेच समजावलं. किरायेदार त्यानं आणले. लिखापढी बाद में, म्हणाला. किराया त्याच्या हातून माह्याकडे येत गेला. त्यायले त्यानं काय सांगितलं होतं ते मले त्या कागदी कपाच्या दिवशी समजलं. मालिक बाहर रहते हैं. बाई देखभाल करती है.

घरी येऊन पोराले फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, किराया आ रहा है ना टाइम पे? छोड़ ना. मैं भी यहाँ पूरा नाम कहाँ लिखता हूँ."

"कावून नाही लिहीत?" मी विचारलं.

तो मीटिंग आहे म्हणाला अन् फोन ठेवला. मले त्या बाईचा राग आला होता तो तिथंच उतरला, अन् दुसराच राग चढला. माह्या बाबांच्या नावाची पाटी आमच्या जुन्या क्वार्टरच्या दारावर होती. टिनाची, बाबांनी स्वतः ब्रशनं लिहिलेली. पोस्टमन, पेपरवाला, शेजारचा बिहारी, सगळे वाचत. बाबांनी आपलं नाव कधी अर्धं नाही लिहिलं. त्यांचा नातू आपलं लपवून राहिला, अन् त्यानं ते कोणाकडून शिकलं? मूर्ती पिशवीत टाकणारी त्याची मायच होती ना.

लई लाज वाटली. जेवण नाही गेलं.

रविवारी छिन्नी-हातोडीवाला मिस्त्री घेऊन गेली. किरायेदारीण धावत बाहेर आली. "बाई, ये क्या तुड़वा रही हो? मालिक को पूछा?"

"मालकीण मीच आहे," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. मंग हिंदीत बी सांगितलं, नाहीतर म्हणाली असती समजलं नाही. "मकान मेरा है. बैंक से मैंने लिया है."

तिनं माह्याकडे पाहिलं, मंग मिस्त्रीच्या हातातल्या माह्या पूर्ण नावाच्या नव्या पाटीकडे. वाचलं. चेहऱ्यावरचा गोडवा पुसल्या गेला. "हमको बताना चाहिए था," एवढंच म्हणाली अन् जाळीचं दार लावून घेतलं. गल्लीतले दोन-तीन जण आपापल्या गेटपाशी उभे होते. जुनी पाटी तुकडे-तुकडे होऊन पडली, मी ते पोत्यात भरले.

महिना भरला अन् किरायेदार गेले. दलालाचा फोन आला, "मैंने बोला था मैडम." मी म्हटलं, तुम्ही बोलले होते अन् मी ऐकलं होतं, तीच चूक झाली.

तेव्हापासून घर रिकामं आहे. लोक येतात, हॉल पाहतात, खिडक्या उघडून पाहतात, खूश होतात. निघताना पाटी वाचतात. मंग "फोन करेंगे" म्हणतात. मागच्या रविवारी एक नवराबायको आले. नवऱ्यानं पाटीवर बोट ठेवून विचारलं, "ये कौन हैं?"

"मैं."

त्यानं बायकोकडे पाहिलं. मी म्हटलं, "बैंक ने मुझे मकान दिया तब बोला था, जैसा है, जहाँ है. आपको भी वैसा ही मिलेगा. मालकिन के साथ." त्यांचा बी फोन नाही आला.

मले हे सोपं जात नाही, खोटं कावून सांगू. घराच्या कर्जाचा हप्ता पगारातून जाते. मोकळ्या हॉलमध्ये टिफिन उघडून बसली की आपल्याच चावण्याचा आवाज येते. मूर्ती आता कोनाड्यात आहे, दरवाजा उघडला की रस्त्यावरून दिसते. पोराले पाटीचा फोटो पाठवला. त्यानं पाहिला, काही लिहिलं नाही.

पाटी निघणार नाही. नाव वाचून जो आत येईन त्यालेच घर देईन. कोणीच नाही आलं अन् माही रिटायरमेंट आली, तं चरोद्याले जाणार नाही, इथंच येईन राहायले. किराया नसला तं अर्धी भाकर खाईन. नळ टपकला तं मीच नीट करीन, हात धुईन, अन् हॉलच्या मधोमध बसून स्टीलच्या गिलासानं पाणी पिईन. दरवाजा उघडा ठेवून.