सुळक्यावरचं निशाण

सुळक्याच्या माथ्यावर पोचलो, काठी रोवली, बुडाशी दगड रचले आणि पिशवी उघडल्यावर कळलं की निशाण घरीच राहिलंय. पिशवीत नागलीच्या दोन भाकऱ्या होत्या.

हल्ली मुंबईची कॉलेजवाली मंडळी मोखाड्याकडच्या या सुळक्यावर हौसेने चढतात. मी पोटासाठी चढलो होतो. जव्हार संस्थानात तात्पुरता सर्व्हेअर होतो. नकाशासाठी प्रत्येक दरीत मोजणीची साखळी ओढावी लागत नाही. जागा ठाऊक असलेल्या दोन डोंगरांवरून तिसऱ्याकडे दुर्बीण लावून कोन घेतले, की तिसऱ्याची जागा कागदावर येते. मात्र तिसऱ्यावर काहीतरी पांढरं फडफडायला हवं.

समोरच्या एका डोंगरावर इंजिनिअरसाहेब थिऑडोलाइटची दुर्बीण लावून बसले होते, दुसऱ्यावर त्यांचे असिस्टंट. साहेबांनी बजावलं होतं, "दहानंतर धुरकट होतं. आज कोन मिळाला नाही, तर तुम्हाला कायम करण्याचा कागद पुढे जाणार नाही."

नऊ वाजून गेले होते. माझा वाटाड्या लहानू, साखरशेतचा शेतकरी, माझ्याहून वडील. त्याच्या अंगावर लंगोटी आणि काळी घोंगडी. पांढरं म्हणावं असं माथ्यावर एकच होतं आणि ते मी नेसलो होतो.

धोतर काठीला चढलं. सदरा लांब होता, त्यामुळे अब्रू गुडघ्यापर्यंत शाबूत राहिली.

थोड्या वेळाने समोर आरसा चमकला, मग दुसऱ्या डोंगरावरही. कोन मिळाल्याची ती खूण. मी गाठ सोडायला गेलो, तर लहानूने तिथल्या देवाच्या दगडाचा शेंदूर बोटावर घेऊन धोतराला लावलेला.

"नाय सायेब," तो म्हणाला. तो सगळ्यांनाच अरे-तुरे करी. "देवाच्या माथ्यावर बांधलास. ता आता देवाचा."

"अरे, मग मी काय नेसू?"

त्याने एकदा स्वतःच्या लंगोटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माझा काय अडलाय?"

तरी उतरताना त्याने घोंगडी मला दिली. ती गुंडाळून भर उन्हात तळावर गेलो. साहेबांनी विचारलं, हिवताप आला का? मी हो म्हणालो.

"निशाण फर्स्ट क्लास दिसलं," साहेब म्हणाले. "पुढच्या डोंगरावरही तेच लावा."

कागद पुढे गेला, मी कायम झालो. धडा एवढाच, की डोंगर चढायच्या आधी पिशवी बघावी. ते जमणार नसेल तर निदान जुनं धोतर नेसावं.

त्या दिवशी घरी आलो तर अंगणातल्या बाजेवर खरं निशाण पसरलेलं, वर नागलीचे पापड. बायकोने घोंगडीकडे पाहिलं, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पापड उलटत म्हणाली,

"पुढच्या डोंगराला धोतरच न्या. साहेबांना आवडलंय, आणि हे मला पापडांना बरं पडतंय."