ग्रिलमधली खिडकी

"अहो ताई, एवढ्या खिडकीतून बैलगाडी जाईल!" वेल्डर ओरडला. बेडरूमच्या ग्रिलमध्ये संकटकाळी उघडणारी खिडकी वहिनी निवडत होती. दीड फुटाच्या नमुन्यात मी शिरून पाहिलं आणि पोटाशी अडकलो. माझ्या पोटाला स्वतंत्र पिनकोड आहे, त्याला कोण काय करणार! सगळे हसले, वहिनी सोडून.

जुन्या ग्रिलचे गज दादाने असे निवडले होते, की हत्तीनेही सोंड उचलून सलाम करावा. आग लागली त्या दुपारी आम्ही सहाजण ते बाहेरून ओढत होतो आणि दादा आतून ढकलत होता. गज तसूभर वाकले नाहीत. घर बांधताना माणूस बाहेरच्यालाच किती घाबरतो!

"एवढ्या मोठ्या खिडकीतून चोर येईल हो," वेल्डर म्हणाला.

"येऊ दे," वहिनी म्हणाली.