उष्टी कोडी

नाताळ जवळ आला की माझी चिडचिड सुरू होते. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहून तिचं खापर बर्फावर, लेट होणाऱ्या ट्रेनवर किंवा दुकानांत महिनाभर वाजणाऱ्या त्याच त्या गाण्यांवर फोडता येतं आणि घरचे ते खरं मानतात. पन्नाशी उलटलेल्या बाईनं खरं कारण सांगायचं तरी कसं? खरं कारण म्हणजे लहान मुलांचं एक पुस्तक आहे.

आमची आत्या इंग्लंडात असायची. दर नाताळला ती नागपूरला दादासाठी आणि माझ्यासाठी मिळून एक ॲन्युअल पाठवायची. ॲन्युअल म्हणजे वर्षअखेरीला निघणारं, जाड पुठ्ठ्याचं मोठं पुस्तक. त्यात चित्रकथा, तिकडच्या टीव्ही मालिकांतल्या गोष्टी आणि मधूनमधून कोडी. ते बोटीनं यायचं, त्यामुळे आमचा नाताळ मार्चमध्ये उजाडायचा. मुखपृष्ठावरच्या अक्षरांवर बर्फ साचलेला, आणि इकडे बाबा कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवत असायचे. त्यातली एकही मालिका आम्ही पाहिली नव्हती, घरात टीव्हीच नव्हता. अंतराळयानाच्या कप्तानाला मी मनातल्या मनात आमच्या हेडमास्तरांचा आवाज दिला होता. पुढे इथे आल्यावर ती मालिका इंटरनेटवर सापडली, तर कप्तान अगदीच किरट्या आवाजाचा निघाला. मी लगेच बंद केली.

पण पुस्तक आधी दादाचं. मोठ्याच्या हातात आधी, असा घरचा नियमच होता. दादा दोन दिवसांत सगळं फस्त करायचा, कोड्यांसकट. चक्रव्यूहातली वाट काढलेली, ठिपके जोडून हत्ती उभा केलेला, शब्दकोडं भरलेलं. मी भोकाड पसरलं की बाबा त्याला खोडायला लावायचे. तोही निमूटपणे खोडायचा, पण पेन्सिल इतकी दाबून चालवलेली असायची की रेघ गेली तरी वळ राहायचा. मला जन्मभर उष्टी कोडी मिळाली. शेजारच्या काकू समजूत घालायच्या, अगं, मोठा भाऊ वडिलांसारखा असतो. आमच्या वडिलांनी माझं एकही कोडं सोडवलं नव्हतं.

एका वर्षीच्या ॲन्युअलमध्ये चोरीची चित्रकथा होती. मोठं घर, हरवलेला हार, पाहुणे, नोकरचाकर. चित्रांतल्या खुणा शोधायच्या आणि चोर ओळखायचा. उत्तर शेवटच्या पानावर उलटं छापलेलं. दादानं पुस्तक माझ्या हातात दिलं ते चोर कोण हे सांगतच. त्यानंतर त्या चित्रांत बघण्यासारखं काय राहणार होतं? मला चोर सापडला असता की नाही हे मला कधीच कळलं नाही, आणि हे मी विसरू शकले नाही. हसा हवं तर.

आईबाबांनी घर बदललं तेव्हा ती पुस्तकं कुठेतरी गेली. दोनेक वर्षांपूर्वी शिकागोहून ट्रेननं घरी येताना मी फोनवर ते ॲन्युअल शोधायला लागले. विकणारे पुष्कळ होते, पण प्रत्येकाच्या वर्णनात एकच वाक्य: आतली काही कोडी सोडवलेली आहेत. जगभर दादाच दादा. शेवटी इंग्लंडातल्या एका आजीबाईंनी कळवलं की त्यांच्या मुलाला ते पुस्तक आवडलंच नव्हतं, त्यानं उघडूनही पाहिलं नाही. त्या मुलाला पेढे पाठवावेत असं मला वाटलं. आणि मुख्य म्हणजे इतक्या वर्षांत चोर कोण ते मी साफ विसरले होते. इतर गोष्टी विसरल्या की मला धास्ती वाटते, पण हे विसरणं म्हणजे लॉटरी होती.

पार्सल आलं तरी मी ते फोडलं नाही. रंगीत कागदात गुंडाळून, वर स्वतःचंच नाव घालून नाताळच्या झाडाखाली ठेवलं. लेक म्हणाली, "मॉम, दॅट इज सो सॅड." मी म्हटलं, असू दे.

नाताळाला व्हर्जिनियातल्या हर्नडनहून दादा आणि वहिनी आले. सकाळी मी कागद फाडला, पानांचा वास घेतला आणि चोरीची गोष्ट मुद्दाम न उघडता पुस्तक कॉफी टेबलावर ठेवलं. जेवणं आटोपल्यावर चहा घेऊन निवांत बसायचं ठरवलं होतं. मग पोहे करायला आत गेले.

पोहे घेऊन बाहेर आले तर दादाच्या मांडीवर पुस्तक, नाकावर चष्मा, हातात बॉलपेन.

"दादा, काय करतोयस?"

"अगं, आत्यानं पाठवलेलं तेच ना हे? सॉल्व्ह करून ठेवलं बघ तुझ्यासाठी. माळी. बुटांना चिखल आहे, सिम्पल लॉजिक."

माळ्याच्या बुटांभोवती निळा गोल होता. त्याला बाण. बाणापुढे मराठीत मोठ्या अक्षरांत 'चोर'.

"तुला सांगितलं होतं कुणी?" माझा आवाज चढला. "कोण म्हणालं होतं सोडव म्हणून?"

तो खरंच गोंधळला. "तू अडलीस की रडायचीस ना. तुला त्रास नको म्हणून मी आधीच करून ठेवायचो. नेहमीच."

"मी अडले कधी? अडू दिलंस कुठे?"

लेकीनं फोनमधून डोकं वर काढलं. "मॉम, इट्स जस्ट अ किड्स बुक."

सगळ्यात जास्त संताप याचा आला की तो खोटं बोलत नव्हता. त्यानं मायेनंच केलं होतं. मला चित्रकला शिकायची होती, तर त्यात काही स्कोप नाही, इंजिनिअरिंगला जा, हेही त्यानं मायेनंच सांगितलं होतं. नंतर इकडे ये, मी सगळं सेट करून ठेवतो, हेही. मी गेले, मी आले.

आता जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी पुस्तक हिसकावून घेतलं, शेवटचं पान काढलं आणि उलटं धरून उत्तर वाचलं. चोर माळी नव्हता. हार घराच्या मालकिणीनंच लपवला होता, विम्याच्या पैशांसाठी. माळी बिचारा पावसातून फुलं द्यायला आला होता.

मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता लक्षात आलं की नागपूरलाही उत्तर हेच होतं. पुस्तक तेव्हा वर्षभर माझ्याजवळ होतं, आणि ते पान मी एकदाही उलटं धरून पाहिलं नव्हतं. दादानं सांगितलंय म्हटल्यावर पाहायचं कशाला? आता राग दादाचा येतोय की स्वतःचाच, हेही मला धड सांगता येईना.

दादानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. चष्मा सारखा केला, उत्तर वाचलं, चित्रं पुन्हा एकदा नीट पाहिली.

"छापायची चूक असणार," तो म्हणाला, आणि मला न विचारता माझ्या पोह्यांवर लिंबू पिळलं.