एक अट जास्त

सदर व्यक्ती : स्त्री, अविवाहित. पद : हंगामी अध्यापक, गणित. संशोधनविषय : एका विशिष्ट जातीच्या सिम्प्लेक्टिक आकारांचे मोटिव्ह व त्यांवरील हॉज वर्ग. उपकरणे : खडू. गुरुवारच्या चर्चासत्रातील सरासरी उपस्थिती : पाच. पैकी जागे : चार.

पाचवे म्हणजे निवृत्त प्राध्यापक. विभागात त्यांना डुलकीसर म्हणत, अर्थात ते डुलकीत असताना.

बाईंचा विषय सांगायला फार वेळ लागत नाही, समजायला लागतो. समीकरणांतून आकार तयार होतात. त्यांच्या पोटात लहान आकार असतात आणि प्रत्येक लहान आकाराची एक सावली पडते. उलट्या बाजूनं मात्र पंचाईत आहे. सावलीची सगळी लक्षणं असलेलं काहीतरी हिशेबात सापडतं, त्याला हॉज वर्ग म्हणतात. पण त्यामागे खरोखर कुणी उभं आहे का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. बाईंनी पाच वर्षं डोकेफोड करून एका जातीपुरतं ते सिद्ध केलं होतं. आकार उकलायचा, त्याचा मूळ ऐवज म्हणजे मोटिव्ह हाती घ्यायचा, तो एका साध्या पृष्ठभागाच्या तुकड्यांतूनच बनलाय हे दाखवायचं, की सावल्यांचे धनी आपणहून पुढे येतात. एका गुरुवारी त्यांनी ही सिद्धता चर्चासत्रात फळ्यावर मांडली; ती इतकी देखणी की तिघांनी टिपून घेतली.

तेवढ्यात डुलकीसरांनी डोळे उघडले.

"बाई, या जातीचं एखादं उदाहरण?"

बाईंनी एक सांगितलं. ते भलत्याच, जुन्या जातीचं निघालं. दुसरं अटींतच बसेना. तिसरं सांगण्याऐवजी त्यांनी फळा पुसला. सरांनी पुन्हा डोळे मिटले. कुजकेपणानं नव्हे, सवयीनं.

जे अस्तित्वातच नाही त्याच्याबद्दलचं कुठलंही विधान गणितात खरं धरतात. शिंगं असलेले सगळे ससे उत्तम गातात, हे बिनचूक आहे. पाच वर्षं आपण सशांना गाणं शिकवत होतो की काय, या शंकेनं बाईंचं जेवणावरून लक्ष उडालं.

घरात त्या आणि थोरली बहीण, खाली बहिणीचं चष्म्याचं दुकान. ताई जेवून उठून कुणाच्या तरी चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत होती. बाईंचं ताट तसंच होतं. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे सगळी तयारी झाली," ताई म्हणाली, "नवरा मुलगा तेवढा मिळायचाय."

"चेष्टा नको गं, ताई."

"चेष्टा कसली? वीस वर्षं सांगतेय, अटी जरा कमी कर."

हे वाक्य ताईनं एकेका स्थळाच्या वेळी ऐकवलं होतं आणि बाईंनी ते एकदाही मनावर घेतलं नव्हतं. या खेपेला त्यांचा हात घासासकट थांबला.

सकाळी त्यांनी सिद्धता एका कडेनं घेतली आणि प्रत्येक अटीला विचारलं, तू इथं काय करतेस? बहुतेकींनी काम दाखवलं. 'आकार गुळगुळीत असावा' ही मात्र पहिल्याच ओळीत पाय पसरून बसलेली. बाईंच्या गुरूंकडे टोकं असलेल्या आकाराला उंबरठ्याच्या आत घेत नसत, म्हणून ती घालायची; जेवणाआधी हात धुवावेत तशी. पुढं तिचा उपयोग एकाच जागी होता, आणि तिथंही सुटी सुटी टोकं चालण्यासारखी होती. गुळगुळीत जाती माहीत आहेत त्या मोजक्याच. बाकी सगळ्यांना हीच बया दारातून हाकलत होती.

त्यांनी एक ओळखीचा आकार घेतला, त्याच्याच सममितीवर दुमडला आणि घडीला पडलेली चुणी सरळ केली. अठ्ठावीस टोकं काही केल्या जाईनात. बाकी प्रत्येक अटीला तो उतरला. बाईंनी दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा, आणि खाली दुकानात गेल्या.

"मिळाला."

"दिसायला कसा आहे?"

"ठिकठिकाणी टोचतो."

"मग तुला शोभेल," ताई म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढच्या चर्चासत्रात बाईंनी आधी उदाहरण मांडलं, मग प्रमेय. डुलकीसर खुर्चीत पुढे सरकून बसले. अशी आणखी असतील का, असं त्यांनी विचारलं. असावीत, शोधायला लागलेय, असं बाई म्हणाल्या.

गुरुवारची नोंद : उपस्थिती पाच. पाचही जागे होते.